डनेडिनमध्ये एकच दुपार: अल्बाट्रॉस की लार्नाक कॅसल?

न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहराजवळ तायरोआ हेड या टोकावर अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी दिसतात, आणि लार्नाक कॅसल हा जुना वाडा. दोन्ही ओटागो द्वीपकल्पावरच, पण एका दुपारीत दोन्ही उरकायला गेलात तर धावपळच होईल.

खर्च: कॅसलला नुसत्या बागेचं स्वस्त तिकीट मिळतं. तायरोआ हेडला निरीक्षणकक्षात जायचं तर गाइडसह फेरीच घ्यावी लागते. मात्र वारा असेल तर बाहेरच्या कड्यावरूनही पक्षी फुकट दिसतात! टोकापासून टोकापर्यंत तीन मीटर पसरलेले पंख जराही न हलवता डोक्यावरून जातात.

भरवसा: १८७१ मध्ये बांधायला घेतलेला वाडा कुठे जात नाही. पक्ष्यांचं तसं नाही. वारा पडला की बसून राहतात.

अंतर: तायरोआ अगदी टोकाला, रस्ता वळणांचा.

मुलं, दुर्बीण, गार वारा चालत असेल तर तायरोआ. आजी-आजोबा सोबत असतील, वारा पडलेला असेल, तर कॅसल.