राज्य फायनलसाठी आर्लिंग्टन गाठावं, की प्लेऑफलाच जावं?

डिसेंबर जवळ आला की डॅलसच्या आसपासच्या मराठी घरांत हा प्रश्न निघतोच. मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, मुलगा नववीत गेल्यापासून शुक्रवारी रात्री घरी थांबत नाही. त्यात पुण्याहून आजी-आजोबा आलेले असतात आणि त्यांना मॉल-मंदिरापलीकडचं टेक्सास दाखवायचं असतं. हायस्कूल फुटबॉलचा (अर्थात अमेरिकन फुटबॉलचा) एखादा मोठा सामना बघू या, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे गाडी अडते. आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममधली राज्य फायनल बघायची, की त्याआधीची प्लेऑफची, म्हणजे बाद सामन्यांची, एखादी फेरी, आपल्या किंवा शेजारच्या गावच्या मैदानावरची?

माझं मत सुरुवातीलाच सांगते. आपली शाळा फायनलला पोचली असेल तर आर्लिंग्टनला जाच, दुसरा विचार नको. पोचली नसेल आणि घरातल्या कुणाचा हा पहिलाच सामना असेल, तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातली प्लेऑफची फेरी बघा. या खेळाची निम्मी मजा स्टँडमध्ये असते. ती मजा किती लोक आले यापेक्षा ते कुठून आले आणि कितीशा जागेत बसले यावर ठरते.

आकड्यांपासून सुरुवात करू, कारण फायनलची बाजू तिथेच भक्कम आहे. 21 डिसेंबर 2013 रोजी ॲलन आणि पेअरलँड या शाळांच्या फायनलला 54,347 प्रेक्षक होते. टेक्सासच्या हायस्कूल फुटबॉलमधला हा उच्चांक. ॲलनने 63-28 असा सामना मारला. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, होता कायलर मरी, जो पुढे 2019 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याआधीचा उच्चांक होता 49,953 चा. तो 1977 चा, अर्व्हिंगच्या जुन्या टेक्सास स्टेडियमवरचा, प्लेनो विरुद्ध पोर्ट नेचेस-ग्रोव्ह्ज. प्लेनोने तो 13-10 असा जिंकला. आज ज्या प्लेनोत आपण भाजी-किराणा घ्यायला जातो, त्या गावाने जवळजवळ पन्नास हजारांच्या गर्दीत भाग घेतला होता आणि तो आकडा 36 वर्षं कुणाला ओलांडता आला नव्हता. दोन्ही सामन्यांत एक गोष्ट सारखी दिसते: ॲलन काय, प्लेनो काय, एक संघ स्टेडियमपासून तासाभराच्या आतला होता. पेअरलँडचे लोक मात्र ह्यूस्टनच्या दक्षिणेकडून चार-साडेचार तास गाडी हाकत आले होते.

पण 54 हजारांचा आकडा डोक्यात ठेवून कुठल्याही फायनलला गेलात तर निराश व्हाल. टेक्सासमध्ये एक फायनल नसते, बारा असतात. शाळांच्या पटसंख्येनुसार 1ए ते 6ए असे सहा वर्ग, प्रत्येकाचे दोन विभाग, आणि बुधवार ते शनिवार रोज तीन सामने. बुधवारी सगळ्यात लहान शाळा, शनिवारी रात्री सगळ्यात मोठ्या. स्टेडियम मात्र तेच, 80 हजार आसनांचं. दोन-तीन हजार वस्तीचं आख्खं गाव आलं तरी खालच्या सज्जाचा एक तुकडा भरतो आणि वरचे मजले रिकामे राहतात. बँड जीव तोडून वाजवतो, पण आवाज छताकडे जाऊन विरतो. वर टांगलेला पडदा एवढा अवाढव्य आहे की एका बाजूच्या 20 यार्डांच्या रेषेपासून दुसऱ्या बाजूच्या 20 यार्डांपर्यंत पोचतो. नजर मैदानावरून सुटून पुन्हा पुन्हा तिकडेच जाते.

तरीही बुधवारच्या सामन्यांबद्दल मला विशेष प्रेम आहे, आणि ते इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1ए म्हणजे सहा-सहा खेळाडूंचं फुटबॉल. अकरा मुलं उभी करणं ज्यांना जमत नाही, अशा शाळांसाठी 1934 मध्ये नेब्रास्कात स्टीफन एपलर या शिक्षकाने हा प्रकार काढला. मैदान 80 यार्ड लांब, 40 यार्ड रुंद. सहाही जण चेंडू झेलू शकतात, त्यामुळे धावसंख्या झपाझप वाढते, आणि मध्यंतराला किंवा त्यानंतर 45 गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच थांबवतात. या गावांमधून फायनलला येणारी माणसं म्हणजे खेळाडूंचे काका, मावश्या, चर्चमधले शेजारी, पेट्रोल पंपाचा मालक. गावच्या जत्रेला घरटी एक माणूस तरी जातंच, तसं हे येणं असतं. शाळेला सुट्टी दिलेली असते, दुकानांवर रंगीत अक्षरांत शुभेच्छा लिहिलेल्या असतात, आणि शेवटी निघणाऱ्याने गावातले दिवे मालवावेत अशी पाटी वेशीवर लावायची जुनी पद्धत आहे. वस्तीशी प्रमाण लावलं तर टेक्सासमधला सगळ्यात मोठा पाठिंबा मी याच सामन्यांचा मानते. हजेरीच्या तक्त्यात मात्र तो तळाला दिसतो.

आता प्लेऑफकडे. 1ए सोडून बाकी वर्गांत नोव्हेंबरच्या मध्यापासून सलग सहा आठवडे बाद फेऱ्या चालतात, फायनल ही सहावी. परिसरातल्या शाळांच्या प्रत्येक जिल्हा गटातले चार संघ पात्र ठरतात. सामना कुठे खेळायचा हे बहुतेक वेळा दोन शाळांनी आपसात ठरवायचं असतं, जमलं नाही तर नाणेफेक होते. दोघांनाही सोयीचं, मधल्या वाटेवरचं मैदान बऱ्याचदा निवडलं जातं. आपल्या भागात ही मैदानं म्हणजे ॲलनचं ईगल स्टेडियम (18 हजार आसनं), मॅकिनीचं 2018 मध्ये उघडलेलं 12 हजारांचं स्टेडियम, आणि फ्रिस्कोतल्या 'द स्टार' या संकुलातलं फोर्ड सेंटर, तेही 12 हजारांचं पण छताखालचं. ईगल स्टेडियमवर सुमारे सहा कोटी डॉलर खर्च झाले. 2012 मध्ये ते उघडलं आणि 2014 मध्ये काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवावं लागलं. शाळेच्या पैशातून एवढं मैदान बांधावं का, हा वाद रास्त आहे आणि करदाते म्हणून आपणही तो घालायला हवा. पण तिथे बसल्यावर एक गोष्ट मान्य करावीच लागते: आठ-दहा हजार लोक आले की ते मैदान गच्च वाटतं. हीच माणसं आर्लिंग्टनला नेऊन बसवा, ती विखुरलेली दिसतील.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तिसरी फेरी येते. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी सराव करायला मिळणं हा टेक्सासमधल्या संघांना मान वाटतो, कारण त्याचा अर्थ आपण अजून स्पर्धेत आहोत. कॉलेजला गेलेली पोरं सुट्टीला घरी आलेली असतात, जुने विद्यार्थी शाळेची जॅकेटं घालून येतात, शुक्रवारी ऑफिसला सुट्टी असते. स्टँडमध्ये तीन पिढ्या दिसतात. आणि हरणाऱ्या शाळेतल्या बारावीच्या मुलांचा तो शेवटचा सामना असतो, त्यामुळे मागच्या ओळीतल्या आईबापांचा आवाज शेवटच्या चतुर्थांशात फाटलेला ऐकू येतो. फायनलमध्ये हरणाऱ्याच्या हातीही उपविजेत्याचं काहीतरी असतं. तिसऱ्या फेरीत हरणारा रिकाम्या हाताने घरी जातो, आणि हे स्टँडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मैदानाचा आकार गर्दीचं काय करतो, हे टेक्सासबाहेर आणखी स्पष्ट दिसतं. ओहायोने 2014 ते 2016 ही तीन वर्षं राज्य फायनल कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये ठेवल्या. लाखाहून जास्त आसनं! 2017 पासून त्या कँटनला परत नेल्या, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या शेजारच्या टॉम बेन्सन स्टेडियमवर, जिथे वीस-बावीस हजार लोक मावतात. 30 नोव्हेंबर 2023 च्या रात्री तिथे मॅसिलनचा संघ एक्रनच्या होबन शाळेविरुद्ध उतरला. मॅसिलन हे तीस-बत्तीस हजार वस्तीचं गाव कँटनला लागूनच आहे. जन्मलेल्या मुलग्याच्या पाळण्यात पाठीराख्यांच्या मंडळाकडून छोटा फुटबॉल ठेवायची तिथे पद्धत आहे. 1972 मध्ये ओहायोत प्लेऑफ सुरू झाले, तेव्हापासून हे गाव सहा फायनल हरलं होतं, त्यातल्या तीन 2018, 2019 आणि 2020 अशा लागोपाठ. त्या रात्री ते 7-2 असे जिंकले, आणि तेही 1894 पासूनची कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या कँटनच्या मॅकिन्ली शाळेच्या घरच्या मैदानावर. फायनल कशी असावी, असं मला कुणी विचारलं तर मी या सामन्याकडे बोट दाखवीन: अंतर पंधरा-वीस मिनिटांचं, मैदान बेताचं, आणि गावाने पन्नास वर्षं वाट पाहिलेली.

जॉर्जियाचा प्रवास उलटसुलट झाला. अटलांटातल्या 70 हजारांच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममधून 2019 मध्ये फायनल जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या कितीतरी लहान मैदानावर आणल्या, आणि 2023 मध्ये पुन्हा मोठ्या छताखाली नेल्या. कारण समजण्यासारखं आहे. एनएफएलच्या मैदानावर खेळायचं स्वप्न मुलांना असतंच, आणि ते आईबापांच्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरतं. माझ्या मनातही फायनलच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. स्टँड रिकामे असोत, बँडमधली सोळा वर्षांची मुलगी आर्लिंग्टनच्या मैदानावर पाऊल ठेवते तेव्हा तिला 80 हजार खुर्च्याच दिसतात.

न्यू जर्सीतल्या वाचकांसाठी थोडक्यात: तुमच्याकडे सरकारी शाळांच्या गटांचा राज्यभराचा एक विजेता 2022 पासूनच ठरू लागला, आणि त्या फायनल पिस्कॅटवेला रटगर्सच्या मैदानावर होतात. एडिसनहून ते हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून गाडीचा प्रश्न नाही. पण 50 हजारांच्या त्या उघड्या मैदानावर थंडी हाडांत शिरते. त्याआधीच्या विभागीय फायनल वरचं मानांकन असलेल्या शाळेच्या स्वतःच्या मैदानावर खेळल्या जातात. तिथे लाकडी-लोखंडी पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेलं गाव बघायला मिळेल. मी तीच निवडली असती.

गर्दीच्या आकड्यात शिकागोचा एक जुना सामना मात्र सगळ्यांच्या वर आहे. 1937 मध्ये सोल्जर फील्डवर ऑस्टिन आणि लिओ या शाळांच्या लढतीला अंदाजे 1,20,000 माणसं आली होती. ती राज्याची फायनल नव्हती, शहराची होती. दोन्ही शाळा शिकागोच्याच.

आता पैसा आणि पाय यांचा हिशेब. आर्लिंग्टनला रेल्वे जात नाही, म्हणून गाडीच काढावी लागते, आणि पार्किंगचे पैसे वेगळे मोजावे लागतात. तिकिटं फोनवर, पिशवी पारदर्शकच हवी, घरचा डबा आत नेता येत नाही. गेटपासून जागेपर्यंतची चाल मोठी असते. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी हा भाग हलका समजू नका. त्याच्या बदल्यात हवामानाची मात्र काळजी नाही: बाहेर वारा-पाऊस काहीही असो, आत स्वेटरही लागत नाही. प्लेऑफला पार्किंग बहुतेक ठिकाणी शाळेच्याच आवारात, गाडीपासून खुर्चीपर्यंत पाच-दहा मिनिटं. पण नोव्हेंबरच्या शेवटी उत्तरेचा वारा सुटला की ॲल्युमिनियमच्या बाकांवर बसवत नाही, म्हणून दोन घोंगड्या आणि खाली घ्यायला उशी न्याच. फोर्ड सेंटरवर सामना लागला तर दोन्हींचं चांगलं एकत्र मिळतं, आणि वयस्कर पाहुणे असतील तर मी तिथल्याच सामन्याची वाट बघेन.

वेळेचाही फरक आहे. अकरा खेळाडूंच्या सामन्यात प्रत्येकी 12 मिनिटांचे चार भाग असले तरी सामना अडीच-तीन तास चालतो. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर मध्यंतरापर्यंत नक्की थांबा, कारण दोन्ही शाळांचे बँड तेव्हाच मैदानात उतरतात. ॲलनचा बँड देशातल्या सगळ्यात मोठ्या हायस्कूल बँडपैकी एक आहे, शेकडो मुलं एका वेळी चालतात. आपल्याकडच्या ढोल-ताशाची सवय असलेल्या कानांनाही तो आवाज आवडेल.

फायनलच हवी असं घरात ठरलंच, तर दिवस नीट निवडा. गर्दीचा अनुभव हवा असेल तर शनिवारी संध्याकाळचा 6ए चा सामना, त्यातही डॅलस परिसरातला संघ असेल तरच. लहान गावांचं प्रेम बघायचं असेल तर बुधवार, मुलांची शाळा बुडणार हे धरून. गुरुवार-शुक्रवारचे सामने खेळ म्हणून उत्तम असतात, पण पहिल्यांदा येणाऱ्याला त्यात पकडायला धागा सापडत नाही. आणि नुसता खेळच बघायचा असेल तर फायनलचं थेट प्रक्षेपण असतं, चहा पीत घरी बघा.

तिकीट काढताना तटस्थ जागा शोधू नका. आदल्या दिवशी दोन्ही शाळांची नावं बघा, मुलांना एक निवडू द्या आणि त्या शाळेच्या बाजूची, बँडपासून एक-दोन भाग सोडून तिकिटं घ्या. शक्य असेल तर त्या शाळेच्या रंगाचं काहीतरी अंगावर घाला. शेजारी बसलेली माणसं विचारतील की तुमचं कोण खेळतंय. कुणी नाही, पहिल्यांदाच आलोय असं सांगितलंत की पुढचे तीन तास ती तुम्हाला प्रत्येक डाव समजावून सांगतील, आणि त्यांचा नातू कितव्या नंबरचा शर्ट घालून खेळतोय तेही दाखवतील.