काउन्सेलर बाई एक नंबर, अॅप मात्र वैताग (३ स्टार)

तिन्ही स्टार काउन्सेलर बाईंचे आहेत बरं का, नुसत्या ह्या ऑनलाइन काउन्सेलिंगच्या अॅपला मी एकही दिला नसता.

नाव नोंदवलं की पहिलाच प्रश्न येतो, मुख्य समस्या निवडा. आरोग्य, पैसे, नातेसंबंध, कामाचा ताण, आणि त्यातलं एकच टिक होतं, दुसऱ्यावर बोट ठेवलं की पहिलं जातं! आता माझं सांगते, नोकरी गेली म्हणून थायरॉइडच्या गोळ्या मधेमधे बंद, गोळ्या बंद म्हणून अंगात त्राण नाही नि चिडचिड, चिडचिडीवरून घरात भांडणं, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रात्री त्यांची कूस बदलायला उठायचं म्हणजे झोपेचं खोबरं. ह्यातलं "मुख्य" कुठलं ते अॅपवाल्यांनीच सांगावं.

मग येतो डिप्रेशन किती आहे ते बघायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म, पीएचक्यू-९, डॉक्टर लोक पण हाच वापरतात, गेल्या २ आठवड्यांत असं किती वेळा वाटलं वगैरे, मार्क ० ते २७. फॉर्ममध्ये खोट नाही, पण झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं हे थायरॉइडनेही होतं आणि जागरणानेही, ते कुणीतरी बसून विचारायला नको का? माझे १६ आले, लगेच लाल पट्टी नि खाली सल्ला, "स्वतःसाठी वेळ काढा". कुठून काढू ते पण लिहा ना!

सगळ्यात डोक्यात गेलं ते नोटिफिकेशन. फोन लॉक असला तरी स्क्रीनवर "तुमचं डिप्रेशन सेशन १० मिनिटांत" असं ठळक झळकतं. माझ्या घरी मारहाणीचा प्रकार नाही म्हणून निभावलं, पण डब्ल्यूएचओच सांगतं की जगात साधारण ३ पैकी १ बाईने आयुष्यात कधी ना कधी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेली असते, आणि करणारा बहुतेक वेळा नवरा नाहीतर जोडीदारच. अशा बाईचा फोन त्याच्या हातात असताना हे झळकलं तर?

आता बाईंबद्दल. पहिलं वाक्यच, "आत्ता बोलताना खोलीत कोण आहे?" दुसरं, "शेवटची टीएसएच कधी केली?" म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. पॉझिटिव्ह विचार करा वगैरे काही नाही. म्हणाल्या डॉक्टरांना विचारून गोळी आधी सुरू करा, सहा-आठ आठवड्यांनी परत तपासा, पण तोवर आपलं बोलणं थांबवायचं नाही, दोन्ही बरोबरच चालू दे. आणि पुढच्या कॉलला ह्यांना शेजारी बसवून आठवड्यातल्या तीन रात्री आईसाठी त्यांनी उठायचं हे कबूल करून घेतलं, जे मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. त्या तीन रात्री सलग झोप मिळायला लागली आणि सकाळचं ते नकोसं वाटणं खरंच कमी झालं, पैशाची चिंता आहे तिथेच आहे म्हणा.

सेशनच्या वेळा बहुतेक ऑफिस टायमातल्या, त्यावर काय बोलणार.

घ्यायचंच असेल तर व्हिडिओ नको, चॅट घ्या, घरात वेगळी खोली नसेल तर तेच बरं पडतं. सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन आधी बंद करा. आणि मुख्य समस्येत सगळ्यात खाली "इतर" आहे ते निवडा, तिथे लिहायला मोकळी जागा मिळते आणि बाई ती वाचून येतात.