टीव्हीच्या कोपऱ्यासाठी वॅटमीटर: कामाचा, पण प्रत्येकाने घ्यावा असा नाही

भिंतीतलं सॉकेट आणि उपकरणाची पिन यांच्या मधे बसणारा छोटा वॅटमीटर ऑनलाइन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. पुढे एलसीडी पडदा आणि चार-पाच बटणं, मागे तीन पिना. वॅट, व्होल्ट, अँपिअर, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती हे सांगणारा आकडा) आणि एकूण युनिट एवढं तो दाखवतो. 'रिमोटने बंद' केलेल्या वस्तू रात्रभर किती वीज ओढतात हे कळायला याहून सोपं साधन नाही. मात्र त्याची गरज दोन-चार दिवसच असते, नंतर तो ड्रॉवरमध्ये पडून राहतो. म्हणून मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून एक घेतला तर पैसे वसूल, एकट्याने घेतला तर जेमतेम.

घेताना सगळ्यात आधी पिना बघा. यातले बरेच मीटर मुळात युरोपच्या बाजारासाठी बनलेले असतात आणि इथे नुसतं पिनटॉप बदलून विकले जातात. त्यामुळे अंगावर '१६ अँपिअर, ३६८० वॅट' असं छापलेलं असतं आणि पिना मात्र आपल्या लहान ६ अँपिअरच्या सॉकेटच्या! त्या पिनांतून गीझर किंवा एसी चालवायचा नाही. आतले पत्रे तापतात आणि प्लास्टिक वितळतं. टीव्हीच्या कोपऱ्यातला सगळा भार धरला तरी दोन-तीन अँपिअरच्या वर क्वचित जातो, तेवढ्यासाठी हा पुरेसा आहे. दुसरी तपासणी ढिलेपणाची. थ्री-पिन घालून हलकेच हलवल्यावर पडदा लुकलुकला तर लगेच परत करा.

आता हिशेब. एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात, म्हणजे पावणेनऊ. त्याचे रुपये किती हे तुमचं बिल कोणत्या टप्प्यात जातं त्यावर ठरतं, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. एकूण बिलाला एकूण युनिटने भागून दर काढायचा नसतो. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतं. महावितरणच्या २०२४-२५च्या घरगुती दरांप्रमाणे १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात वीज आकार आणि वहन आकार मिळून साधारण साडेअकरा रुपये होत होते. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की सव्वातेरा रुपयांच्या थोडं वर. पहिल्या शंभर युनिटमध्ये हाच आकडा सात रुपयांच्या आत राहत होता. म्हणजे वर्षभराचा एक वॅट एका घराला ११६ रुपयांना पडत होता आणि शेजारच्या घराला साठाला. तुमचा वीजपुरवठा दुसऱ्या कंपनीचा असेल किंवा दर बदलले असतील, तर ताज्या बिलाच्या मागचं दरपत्रक घेऊन हाच गुणाकार करा. खाली सव्वातेरा-साडेतेराच्या मधला, १३.३० रुपयांचा दर धरला आहे.

मीटर प्रथम लावायचा तो सेट-टॉप बॉक्सला. टीव्हीला नव्हे. बॉक्सवर चॅनेल लावून पंधरा मिनिटांनी वॅट बघा, मग रिमोटने बंद करून पुन्हा पंधरा मिनिटांनी बघा. एचडी बॉक्स चालू असताना दहा-बारा वॅट घेत असेल, तर 'बंद' झाल्यावरही आठ-नऊ घेतोच, असं सर्रास दिसतं. रिमोटच्या बटणाने फक्त चित्र आणि आवाज बाहेर जायचे थांबतात आणि पुढचा हिरवा दिवा लाल होतो. आतला प्रोसेसर आणि ट्यूनर जागेच राहतात, कारण कार्यक्रमांचं वेळापत्रक, सॉफ्टवेअरची अपडेट आणि तुमचं पॅक चालू असल्याचा संदेश हे सगळं उपग्रहावरून चोवीस तास येत असतं. शिवाय गच्चीवरच्या डिशच्या तोंडाशी जो एलएनबी (उपग्रहाचा सिग्नल पकडून बॉक्सकडे पाठवणारा भाग) असतो, त्यालाही हाच बॉक्स केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टची वीज पुरवतो. एलएनबीचा वाटा वेगळा मोजायचा असेल तर बॉक्स भिंतीवरून बंद करा, डिशची केबल सोडवा, पुन्हा चालू करून फरक बघा. साधारण दोन-एक वॅट निघतात. चालू बॉक्सची केबल मात्र सोडू नका. मधली तार बाहेरच्या चकतीला टेकली की शॉर्ट होतो.

घरात टीव्ही रोज पाच तास चालतो असं धरलं, तर नऊ वॅटचा बॉक्स उरलेले १९ तास फुकट चालतो. रोजचे १७१ वॅट-अवर, वर्षाचे ६२ युनिट, रुपये सव्वाआठशे. पूर्वी जिन्यात नाहीतर देवघरात रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब आठवतो? नाव झिरो आणि खरा खप दहा-पंधरा वॅटचा. हा बॉक्स त्याच जातीचा.

काही बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'पॉवर सेव्हिंग' किंवा 'डीप स्टँडबाय' असतं. ते लावून पुन्हा मोजा, कारण काहींत आकडा एक-दोन वॅटवर उतरतो आणि काहींत तसूभरही हलत नाही. हलला नाही तर उपाय एकच, भिंतीवरचं बटण. रोज रात्री बंद केल्याने काही बिघडत नाही. सकाळी सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात इतकंच. पंधरा-वीस दिवस गावी जाऊन आल्यावर कधी पैसे भरलेले चॅनेलही दिसत नाहीत. तेव्हा बॉक्स अशाच एखाद्या चॅनेलवर थोडा वेळ चालू ठेवायचा किंवा कंपनीच्या ॲपमधून रिफ्रेश पाठवायचं. रेकॉर्डिंगवाला बॉक्स असेल तर आतली हार्ड डिस्क लिहीत असताना वीज तोडू नका.

टीव्हीच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. युरोपने २०११पासून टीव्हीच्या स्टँडबायची, म्हणजे रिमोटने बंद असतानाच्या खपाची, मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली आणि मोठ्या कंपन्यांचे टीव्ही जगभरासाठी जवळपास एकाच घडणीचे असतात. तेव्हा चांगल्या टीव्हीचा बंद अवस्थेतला खर्च वर्षाला पन्नास रुपयांच्या आतच राहतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. रिमोटने बंद केल्या क्षणी मोजू नका. स्मार्ट टीव्ही बरीच मिनिटं आतून जागा असतो आणि नंतर झोपतो. आणि सेटिंगमध्ये 'क्विक स्टार्ट' किंवा 'इन्स्टंट ऑन' असं काही चालू आहे का ते बघा. ते असेल तर टीव्ही झोपतच नाही. पंधरा वॅटचा आकडा दिसला तर १९ तासांच्या हिशेबाने वर्षाला १०४ युनिट, जवळजवळ चौदाशे रुपये, आणि बदल्यात टीव्ही काही सेकंद लवकर लागतो.

ओएलईडी टीव्ही मात्र भिंतीवरून लगेच बंद करू नये. काही तास पाहून झाल्यावर रिमोटने बंद केला की तो स्वतःच पॅनेलची दुरुस्ती-जुळणी करतो आणि तेवढी मिनिटं त्याला वीज लागते. वर्षाचे चाळीस-पन्नास रुपये वाचवायला लाखाचा पडदा पणाला लावण्यात काय हशील?

होम थिएटरच्या सबवूफरमागे (जड आवाजाच्या स्पीकरमागे) 'ऑन–ऑटो–ऑफ' असं बटण असतं. ते 'ऑन'वर असेल तर ॲम्प्लिफायर कायम तापलेला असतो. 'ऑटो'वरही कित्येक सबवूफर पाच-सात वॅट ओढत राहतात. होम थिएटरचा रिसीव्हर बंद असतानाही एचडीएमआयमधून चित्र पुढे टीव्हीला पाठवायची सोय चालू असेल, तर तिथेही आकडा चांगलाच फुगतो. गेम कन्सोलमध्ये एक्सबॉक्स सीरीजचं उदाहरण सरळ आहे: 'स्लीप'मध्ये १० ते १५ वॅट, 'शटडाउन'मध्ये अर्धा वॅट, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेले आकडे. एक मेन्यू उघडून वर्षाचे नव्वदेक युनिट वाचतात आणि अपडेट शटडाउनमध्येही होतात. वायफाय राउटरचे आठ वॅट म्हणजे वर्षाला ७० युनिट, पण तो कामासाठी, कॅमेऱ्यासाठी लागतो. तो खर्च मान्य करून टाकावा.

आता मीटरचे दोष. एक वॅटच्या खाली यातले बरेच मीटर थेट शून्य दाखवतात. त्यावर युक्ती अशी: मीटरमध्ये साधी एक्स्टेंशन लावा, तिच्यावर एक पिवळा फिलामेंटचा झिरो बल्ब लावून आकडा घ्या, मग शेजारी मोजायचं उपकरण लावा. १४.२ चे १४.९ झाले तर खप ०.७ वॅट. दोन्ही आकडे पाठोपाठ घ्या आणि व्होल्ट तेच आहेत ना हे बघा, कारण व्होल्टेज हललं की बल्बचा आकडाही हलतो.

अँपिअरवरून वॅट काढायला जाऊ नका. स्वस्त अ‍ॅडॉप्टरचा पॉवर फॅक्टर अर्ध्याच्या आसपास असतो. ०.०८ अँपिअर गुणिले २३० म्हणजे अठरा, पण खरे वॅट नऊच. घरगुती बिल खऱ्या युनिटवर येतं, त्यामुळे नऊच धरायचे. क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजणाऱ्या मीटरने) मोजून 'स्टँडबायमुळे बिल दुप्पट' म्हणणाऱ्यांची गफलत इथेच होते. पैसे दाखवणारं बटण एकच दर घेतं, टप्पे त्याला कळत नाहीत. दर टाकायचाच तर तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा, वीज शुल्कासह टाका. आणि महिनोन् महिने पडून राहिल्यावर पडदा कोरा दिसला तर मीटर मेला असं समजू नका. आठवण जपणारा आतला बटण-सेल उतरलेला असतो. थोडा वेळ सॉकेटमध्ये ठेवून टाचणीने रीसेट दाबा.

मीटर न घेताही काम भागतं. वीज कंपनीच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा युनिटमागे किती लुकलुकी हे सांगणारा आकडा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरचं चार्जिंगसुद्धा. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० असेल तर ११२५ भागिले सेकंद म्हणजे वॅट. १२५ सेकंद लागले तर नऊ वॅट. १६०० असेल तर २२५० ला भागायचं. एक-दोन वॅटचा एकटा भार हा मीटर बहुधा पकडत नाही, पण बॉक्स आणि सबवूफरचे चोर त्यात नक्की सापडतात.

वॅटमीटरऐवजी मोजणी करणारा स्मार्ट प्लग घ्यावा का? टीव्हीसाठी मुळीच नाही. वायफायला चिकटून राहायला तो स्वतः अर्धा ते दीड वॅट खातो, म्हणजे अर्धा वॅट वाचवायला एक वॅट खर्च. बॉक्स, सबवूफर, रिसीव्हर एकाच स्पाइक गार्डवर घेऊन त्याला एक प्लग आणि रात्री बारा ते सकाळी सहा बंद, हे मात्र जमून जातं. वीज जाऊन आल्यावर प्लग आधीच्याच स्थितीत यावा असं सेटिंग करून ठेवा. राउटर त्याच प्लगवर लावू नका. ॲपवरून बंद केलात की परत चालू करायला वायफायच उरत नाही.

खरं तर आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं, म्हणजे हे सगळं फुकटात व्हायला हवं. अडचण फर्निचरची आहे. बोर्ड टीव्ही युनिटच्या पॅनेलमागे गडप होतो आणि बटणापर्यंत हातच पोचत नाही. घराचं काम चालू असेल तर वायरमनला आत्ताच सांगा: टीव्हीचं सॉकेट आत वेगळ्या बटणावर कायम चालू राहू दे; बॉक्स आणि साउंडची दोन सॉकेट एका सर्किटवर घे आणि त्यांचं बटण दिव्याच्या बोर्डावर बाहेर आण. राउटरचा पॉइंट तिसरा, इन्व्हर्टरवर. काम आधीच झालेलं असेल तर लांब वायरचा, प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असलेला स्पाइक गार्ड युनिटच्या बाजूला बाहेर स्क्रूने लावून टाका.

ज्यांचं बिल दर महिन्याला शंभर युनिटच्या आत येतं, त्यांनी हा मीटर विकत घेऊ नये. लुकलुकणारा दिवा मोजावा आणि बॉक्स बटणावरून बंद करावा. गोव्यातले घरगुती दर महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी, तिथेही तेच. दोनशे युनिटच्या वर बिल, डीटीएचचे दोन बॉक्स, सबवूफर आणि कन्सोल असं घर असेल तर मीटरची किंमत वर्षाच्या आत सुटते. घेताना भारतीय पिनांचा, एक दशांश वॅटपर्यंत दाखवणारा आणि परत करायची मुदत असलेला घ्या, आणि मुदत संपायच्या आत झिरो बल्बची चाचणी करून बघा.