रोलँड एसपीडी-एसएक्स: छोट्या वाद्यवृंदात ट्रॅक वाजवण्यासाठी कितपत भरवशाचे?

आमचा वाद्यवृंद पाच जणांचा आहे: गायिका, की-बोर्ड, गिटार, ढोलकी-तबला आणि ऑक्टोपॅड. जुन्या मराठी चित्रपटगीतांमधला व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस एवढ्या माणसांत उभा करता येत नाही, म्हणून ते भाग आम्ही आधी ध्वनिमुद्रित करून ट्रॅकवरून वाजवतो. सुरुवातीला त्यासाठी लॅपटॉप होता. एका गणेशोत्सवात दुसऱ्या कडव्याच्या तोंडावर तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला, आणि भरल्या मंडपासमोर गायिकेला केवळ ढोलकीच्या आधारावर गाणे पुरे करावे लागले. तेव्हापासून हे काम आम्ही रोलँडच्या एसपीडी-एसएक्स या सॅम्पलिंग पॅडकडे, म्हणजे काठी मारताच साठवलेला आवाज वाजवणाऱ्या यंत्राकडे, सोपवले आहे.

हे यंत्र २०११ मध्ये बाजारात आले. त्यावर नऊ पॅड आहेत आणि शंभर किट, म्हणजे पॅडना नेमून दिलेल्या आवाजांचे संच, साठवता येतात. आम्ही एका गाण्याला एक किट देतो आणि कार्यक्रमाच्या क्रमानुसार त्यांची साखळी लावून ठेवतो. ऑक्टोपॅडवादकाच्या डाव्या हाताशी ते उभे असते. तो काठी मारतो, त्याच क्षणी ट्रॅक सुटतो. माझ्या मते याचे सर्वांत मोठे मोल इथेच आहे, कारण गाण्याची लय ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात ट्रॅक राहतो, आणि गायिका बोलत असेल, रसिकांची दाद चालू असेल, तर तो तेवढा थांबतो. काही बिनसलेच, तर सगळा आवाज तत्काळ बंद करणारे स्वतंत्र बटण समोर आहे.

मात्र मुळात हे तालवाद्य आहे, याचे भान ठेवून त्याची मांडणी करावी लागते. काठी हळू पडली तर आवाज लहान, जोरात पडली तर मोठा, हा तालवाद्याचा गुण ट्रॅकच्या बाबतीत घातक ठरतो. म्हणून ट्रॅकच्या पॅडवर डायनॅमिक्स बंद करणे अत्यावश्यक आहे. शेजारच्या पॅडवरील आघाताने ट्रॅक चुकून सुटू नये म्हणून आम्ही तो कोपऱ्यातल्या पॅडवर ठेवतो आणि त्याच्या लगतचे पॅड रिकामे सोडतो. फाईल वेव्ह किंवा एआयएफएफ स्वरूपातच लागते, एमपीथ्री चालत नाही.

मास्टर आणि सब असे दोन वेगळे आऊटपुट असल्यामुळे क्लिकचा, म्हणजे लय धरण्यासाठी फक्त वादकांना ऐकवायच्या टकटकीचा, प्रश्न नीट सुटतो. ट्रॅक एका पॅडवर, क्लिक दुसऱ्यावर, आणि पॅड लिंकमुळे दोन्ही एकदम सुरू होतात. ट्रॅक मास्टरमधून साउंडवाल्याकडे जातो, तर क्लिक सबमधून आमच्या छोट्या मिक्सरमार्गे ऑक्टोपॅडवादक आणि की-बोर्डवादक यांच्या इअरफोनमध्ये. एकाच स्टिरिओ फाईलमध्ये डावीकडे संगीत आणि उजवीकडे क्लिक ठेवण्याची पद्धतही रूढ आहे, पण सभागृहातील यंत्रणेवर दोन्ही बाजू एकत्र झाल्या की तो क्लिक थेट श्रोत्यांच्या कानावर पडतो. क्लिक तयार करताना तालाचा विचार हवा: दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिली आणि चौथी मात्रा वेगळ्या आवाजाची असली, तर वादकाला सम शोधावी लागत नाही.

अभंगासाठी मी कोणालाही हे यंत्र सुचवणार नाही. भजनी ठेक्यात लय हळूहळू चढत जाते, गायिका एखाद्या ओळीवर रेंगाळते, आणि ठरलेल्या गतीचा ट्रॅक त्या वेळी तिच्या गळ्यातला फास होतो. अशी गाणी आम्ही ट्रॅकशिवायच वाजवतो. पट्टीचेही तसेच आहे. गायिकेचा आवाज त्या दिवशी बसलेला असेल तर ऐन वेळी धावपळ नको, म्हणून अवघड गाण्यांचे ट्रॅक आम्ही दोन पट्ट्यांमध्ये तयार ठेवतो. शिवाय मुख्य सुरावट, बेस आणि ठेका आम्ही ट्रॅकमध्ये कधीही घालत नाही, म्हणजे ट्रॅक मध्येच थांबला तरी गाणे उभे राहते.

उणिवांपैकी विजेची उणीव सर्वांत मोठी. यंत्रात बॅटरी नाही, ते ९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालते, त्यामुळे जनरेटरवरच्या मंडपात क्षणभर वीज गेली तरी ट्रॅक तुटतो. आम्ही त्यासाठी संगणकाचा लहान यूपीएस बाळगतो. शिवाय आऊटपुट साध्या प्रकारचे असल्याने लांब केबलवर घरघर येते; साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (अशी घरघर टाळून आवाज लांबवर नेणारी छोटी पेटी) असेलच असे गृहीत न धरता स्वतःचे दोन जवळ ठेवावेत.

२०२२ मध्ये याची प्रो आवृत्ती आली. तिच्यात ३२ जीबी साठवण आहे आणि आऊटपुटही जास्त आहेत. नवे यंत्र घ्यायचे असेल आणि कोरस, व्हायोलिन, क्लिक वेगवेगळे बाहेर काढायचे असतील तर तीच घ्यावी. पाच-सहा जणांच्या वाद्यवृंदाला मात्र चांगल्या स्थितीतले जुने एसपीडी-एसएक्स आजही पुरेसे आहे. घेताना नऊही पॅड हलक्या काठीने वाजवून पाहावेत आणि अॅडॉप्टरची पिन सैल नाही ना, हे यंत्र चालू ठेवून तपासावे.