फायरमन भरतीचा सराव प्रश्नसंच: बौद्धिकला चांगला, तांत्रिकला तपासून वापरा

महापालिकांच्या फायरमन भरतीसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकात जे जाडजूड प्रश्नसंच मिळतात, त्यांतल्या एकाबद्दल हे लिहीत आहोत. मराठी व्याकरण, बौद्धिक चाचणी आणि सामान्य ज्ञान यांसाठी तो जरूर घ्यावा. तांत्रिक भागात मात्र त्याच्या उत्तरतालिकेवर डोळे मिटून विसंबलात तर हातचे गुण जातील.

सगळ्यात मोठा घोळ आगीच्या वर्गीकरणात आहे. एका प्रश्नात विजेची आग ‘सी’ वर्गात टाकली आहे आणि चार पानांनंतर ‘सी’ म्हणजे वायूची आग असं उत्तर दिलंय. पहिलं उत्तर अमेरिकी तक्त्यातलं आहे, दुसरं आपल्याकडचं. अग्निशामक सिलिंडरांच्या आयएस २१९० या भारतीय मानकानुसार ‘ए’ म्हणजे लाकूड, कापड, कागद, ‘बी’ ज्वलनशील द्रव, ‘सी’ वायू, ‘डी’ धातू. विजेला स्वतंत्र वर्गच नाही, कारण मेन स्विच बंद केला की जे जळतंय त्यावर वर्ग ठरतो. जुन्या पुस्तकांत ‘ई’ वर्ग दिसतो, म्हणून प्रश्नातले चारही पर्याय वाचूनच खूण करा.

गणितं फारच कमी दिली आहेत आणि रीत कुठेच सोडवून दाखवलेली नाही. नोझलमधून मिनिटाला किती लिटर पाणी पडतं, याचं सूत्र म्हणजे नोझलच्या व्यासाचा वर्ग गुणिले दाबाचं वर्गमूळ गुणिले दोन तृतीयांश. व्यास मिलिमीटरमध्ये, दाब बारमध्ये. २० मिमी नोझल आणि ४ बार दाब असेल तर ४०० गुणिले २, त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ५३३ लिटर. वर्गमूळ घ्यायचं राहिलं की उत्तर १०६७ येतं. पर्यायांत असा आकडा ठेवलेला असतो आणि घाईत तोच बरोबर वाटतो.

सक्शन लिफ्टचा, म्हणजे पंप किती खोलवरचं पाणी वर घेऊ शकतो याचा, प्रश्नही अर्धवट आहे. उत्तर १०.३३ मीटर छापलंय, पण ते सैद्धांतिक. पंप पाणी ओढत नाही. होजमधली (पाण्याच्या नळीतली) हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. कपलिंगमधून शिरणारी हवा, घर्षण आणि पाण्याची वाफ यांमुळे प्रत्यक्षात साधारण ७ मीटरच मिळतात. प्रश्नात ‘सैद्धांतिक’ आहे की ‘प्रत्यक्ष’, हा एक शब्द शोधा.

आता चांगलं. अग्निशामक सिलिंडरवरचे प्रश्न खरोखर विचारपूर्वक काढले आहेत. सीओटू सिलिंडरला प्रेशर गेज नसतो, तो वजनावरून तपासतात आणि वायू १० टक्क्यांहून जास्त घटला की पुन्हा भरतात, हे फार कमी पुस्तकांत सापडतं. एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो, सीएनजी हलका म्हणून वर जातो, यावरचे प्रसंगाधारित प्रश्नही उत्तम. कायद्याचं प्रकरण थोडक्यात आणि नेमकं आहे: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६, आणि इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचं, दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यायचं ‘नमुना बी’ प्रमाणपत्र. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर झालेल्या स्फोटाची माहितीही आहे. अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला का, हे दरवेळी विचारण्यासारखंच आहे.

गाठींची चित्रं काळवंडली आहेत. बोलाईन, क्लोव्ह हिच आणि चेअर नॉट कागदावरून ओळखायला शिकू नका. तीन मीटर दोर घ्या, प्रत्येक गाठ हाताने बांधा, उलटी धरून पाहा, मग चित्रावरचा प्रश्न सोडवा.

विकत घेताना दुकानातच वर्गीकरणाचं पान उघडा. विजेपुढे ‘सी’ दिसला, तर ती आवृत्ती फक्त बौद्धिकसाठी ठेवा आणि तांत्रिक प्रश्न सांताक्रूझच्या (मुंबई) महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीतल्या सहा महिन्यांच्या अग्निशामक पाठ्यक्रमाच्या वहीशी ताडून सोडवा.