उजवा हात, डावा डोळा: पिस्टल शूटिंगसाठी हात बदलायचा, डोळा झाकायचा का मान वळवायची?

शूटिंगसाठी पुण्यात बालेवाडीला किंवा एखाद्या प्रायव्हेट अकॅडमीत नाव घातलं की थोड्याच दिवसांत कोणीतरी सांगतं, "अरे, तुझा डोळा डावा आहे." मग घरी येऊन आईबाबांसकट सगळे असे तोंडं पाडून बसतात की जणू काही वाईट रिपोर्टच आलाय. आजार नाहीये हो तो. जेवण, लिहिणं, बॉल टाकणं सगळं उजव्या हाताने, पण नेम धरायची वेळ आली की मेंदू डाव्या डोळ्याचं ऐकतो, अशी भरपूर माणसं असतात.

आधी खात्री करून घ्या. दोन्ही हात लांब करून पंजे एकमेकांवर ठेवा, मधे छोटी फट राहू द्या, त्यातून लांबचं काहीतरी बघा, समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी चालेल. मग एकेक डोळा मिटा, जो मिटल्यावर टाकी गायब होते तो तुमचा डॉमिनंट डोळा, म्हणजे मेंदू ज्याचं ऐकतो तो. दोनचार वेळा करून बघा कारण काहींचं उत्तर बदलत राहतं, त्यांचा डोळा ठाम नसतो आणि त्यांना काम उलट सोपं जातं. आणखी एक, डॉमिनंट म्हणजे नजर चांगली असं अजिबात नाही, नंबर वेगळा तपासायचा.

आता सल्ले. स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकहून 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेऊन आला, सराव बालेवाडीतला, त्यामुळे आपल्याकडे शूटिंग म्हटलं की आधी रायफलच डोळ्यासमोर येते आणि सल्लेही रायफलचेच मिळतात: "डोळा डावा ना, मग डाव्या खांद्यावर घे." रायफलला ते बरोबर आहे, कारण रायफलचं मागचं टोक खांद्याला आणि गाल रायफलला टेकलेला असतो, साईट (नेम धरायची खूण) ज्या बाजूला तोच डोळा वापरावा लागतो. पिस्टल डोळ्यापासून हातभर अंतरावर असतं, गालाला कुठेच चिकटत नाही, ते कुठल्याही डोळ्यासमोर आणता येतं. म्हणून रायफलवाल्यांचा सल्ला पिस्टलला तसाच लावू नका, एवढं माझं ठाम मत आहे.

हात बदलायचा पर्याय कागदावर सगळ्यात स्वच्छ दिसतो, डावा डोळा आणि डावा हात, सगळं एका लाईनीत, मान सरळ. पण 10 मीटर एअर पिस्टल एका हातानेच मारायचं असतं, मॅचला 75 मिनिटांत 60 शॉट, साधारण किलोभर वजन लांब केलेल्या हातावर तोलून, आणि ट्रिगर कमीत कमी 500 ग्रॅमचा, तो साईट न हलवता दाबायचा. खरी कला त्या बोटात आहे आणि ती कमकुवत हाताला नव्याने शिकवायची म्हणजे बराच काळ जातो. साईटचं गणित बघा, मागच्या (रिअर) साईटच्या खाचेत नळीच्या टोकाची फ्रंट साईट 1 मिमी जरी सरकली तरी 10 मीटरवर शॉट 3 सेमीच्या आसपास भटकतो, आणि टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी रिंग फक्त 8 मिमीवर असते, म्हणजे जवळपास चार पॉइंट गेले. थरथरणारा हात चांगल्या डोळ्याने भरून निघत नाही. शिवाय अकॅडमीतल्या पिस्टलना बहुतेक उजव्या ग्रिपच लावलेल्या असतात. स्वतःचं घेणार असाल तर बऱ्याच मॉडेलला डावी ग्रिप वेगळी घेऊन बसवता येते, पण विकायला काढलं की गिऱ्हाईक कमी. दहाबारा वर्षांचं पोर असेल आणि दोन्ही हात सारखेच चालत असतील तर बघा डावा करून, कॉलेजच्या पोरांनी आणि नोकरीवाल्यांनी याच्या नादी लागू नये.

डोळा झाकायचा पर्याय सगळ्यात स्वस्त. हात उजवाच, नेम उजव्या डोळ्याने, आणि डाव्यासमोर ब्लाइंडर, म्हणजे डोळा झाकणारी छोटी पट्टी. मिटला तरी चालेल ना, असं सगळेच विचारतात. मिटून बघा, पाचसहा शॉटनंतर गाल आणि कपाळ आवळायला लागतं आणि उघडा डोळाही थकतो. काळी पट्टी लावली तर वेगळीच भानगड, एका डोळ्यावर अंधार झाला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आणि बाहुली मोठी झाली की फ्रंट साईट शार्प ठेवून टार्गेटही बऱ्यापैकी दिसणं अवघड होतं. म्हणून ब्लाइंडर पांढरा किंवा दुधी, उजेड येऊ देणारा हवा. नियमात रुंदी जास्तीत जास्त 30 मिमी चालते. सुरुवातीला तर चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी दिसणारी चिकटपट्टी लावली तरी पुरतं, उगाच पहिल्याच महिन्यात महागडी फ्रेम मागवू नका. पण एक अट आहे, उजव्या डोळ्याला नंबर लावून नीट दिसायला हवं. तो लहानपणापासूनच कमजोर असेल तर डावा झाकून काही मिळत नाही.

अशा माणसाने तिसरा पर्याय घ्यावा, उजवा हात आणि डावाच डोळा. पिस्टल थोडं नाकाच्या बाजूला येतं, डोकं थोडं उजवीकडे जातं. मनगट मोडून पिस्टल डोळ्यासमोर आणायचं नाही, इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, मनगट वाकलं की ट्रिगर सरळ मागे येत नाही. त्यापेक्षा पायांची जागा बदला. उजवा खांदा जितका टार्गेटकडे करून आडवे उभे राहाल तितका डावा डोळा आपोआप लाईनीत येतो, पण मान तेवढी जास्त वळते आणि तासाभराच्या मॅचमध्ये ती दुखायला लागते. म्हणजे पाय किती आडवे आणि मान किती वळवायची याचा मधला मेळ प्रत्येकाला स्वतःच शोधावा लागतो, कोचनं पायांच्या जागेवर खडूने खूण करून दिली तर सोपं जातं. साधा चष्मा असेल तर अजून एक कटकट, मान वळल्यावर आपण काचेच्या मधून न बघता कडेने बघतो आणि नंबर मोठा असेल तर साईट वाकडी दिसते. तेव्हा मात्र शूटिंगची फ्रेम लागते, तिच्यात काच सरकवून बरोबर डोळ्यासमोर आणता येते.

25 मीटरला जायचा विचार असेल, राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं ती इव्हेंट, तर हे आधीच ठरवून ठेवा. तिच्या रॅपिड टप्प्यात प्रत्येक शॉटला हात खालून 3 सेकंदांत वर आणून शॉट सोडायचा असतो, तिथे डोकं हलवून साईट शोधायला वेळच नसतो.

आणि तो पॅरिस ऑलिम्पिकमधला तुर्कस्तानचा पिस्टल शूटर युसुफ डिकेच, खिशात हात घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून सिल्व्हर नेलं त्याने. व्हिडिओ बघून पोरं लगेच तसं करायला जातात. क्रॉसवाल्यांना, म्हणजे हात एका बाजूचा आणि डोळा दुसऱ्या बाजूचा असणाऱ्यांना, एका हाताने हे सगळ्यात अवघड जातं, कारण दोन दोन साईट दिसतात आणि मेंदू नको ती निवडतो.

दोन हातांनी पकडून मारणाऱ्यांचं, म्हणजे पोलीस वगैरेंचं, काम खूप सोपं आहे. पिस्टल मुळात नाकासमोरच असतं, तीनेक सेमी डावीकडे नेलं की झालं. तिथे डोळा झाकूच नका, आजूबाजूचं दिसणं जास्त महत्त्वाचं. रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट, असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवून अजून सोपं, पण ऑलिम्पिकच्या पिस्टल इव्हेंटना रेड डॉट चालत नाही हे लक्षात ठेवा.

मला कोणी विचारलं तर एअर पिस्टलवाल्याला मी आधी ब्लाइंडरच लावायला सांगेन, आणि महिनाभर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न भरता, टार्गेटशिवाय, कोऱ्या भिंतीवर, नजर फक्त फ्रंट साईटवर. तेवढ्यात उजव्या डोळ्याने फ्रंट साईट काळी ठसठशीत दिसायला लागली तर तसंच पुढे चालू ठेवा. धूसरच राहिली तर चष्मेवाल्याकडे जा, लक्ष्मी रोडला जा नाहीतर घराजवळ, पण त्याला स्पष्ट सांगा की मला हातभर अंतरावरची बारीक वस्तू बघायची आहे, भिंतीवरचा तक्ता नाही. लांबच्या नंबरात थोडा प्लस वाढवला की बऱ्याचदा काम होतं. तरीही नाही दिसली तर डाव्या डोळ्यावर या आणि कोचला पाय कुठे ठेवायचे ते विचारा.