मॅडमना शिफारसपत्राची लिंक आलीच नव्हती

फेब्रुवारीत माझे परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरणाऱ्या सल्लागाराचा फोन आला. "अभिनंदन! पीएचडीला प्रवेश झाला, फंडिंगसकट. सीट पक्की करायला तीन दिवसांत पैसे भरा." मी भरले आणि बातमी सांगायला धावत माझ्या प्राध्यापक मॅडमकडे गेले. त्या गोंधळल्या. "अगं, पण मला एकाही विद्यापीठाकडून शिफारसपत्र पाठवायची लिंक आली नाही. मी शिफारस केली कधी?"

मला अमेरिकेत स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करायची होती. या सल्लागाराने सुरुवातीलाच अर्जांसाठी नवा ईमेल उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. विद्यापीठांची अर्जाची पोर्टल किचकट असतात, चूक झाली तर अर्ज बाद होतो, असं त्याचं म्हणणं. परीक्षा तोंडावर होती, मी मान डोलावली. प्राध्यापकांची नावंही त्याने लिहून घेतली, "त्यांना आम्ही कळवतो" म्हणून.

मॅडमसमोर बसूनच त्याला फोन लावला. खूप टाळाटाळ करून त्याने पासवर्ड दिला. पोर्टलवर शिफारस देणाऱ्यांच्या यादीत माझ्या तिन्ही प्राध्यापकांची नावं होती, पण ईमेल पत्ते त्यांचे नव्हते. तिन्ही पत्रं पोचल्याची नोंद होती. त्यांच्या नावाने खोटे ईमेल उघडून पत्रं यानेच पाठवली होती. मॅडम काही बोलल्या नाहीत. स्क्रीनवरचं स्वतःचं नाव बराच वेळ बघत राहिल्या. पैशांपेक्षा तो क्षण मला जास्त लागला.

अर्जही पीएचडीचा नव्हता, मास्टर्सचा होता, आणि फंडिंगचा कुठे पत्ता नव्हता. एसओपीत, म्हणजे का शिकायचंय ते सांगणाऱ्या निवेदनात, लहानपणापासून आकड्यांची आवड वगैरे भरताड. मिसिंग डेटावर, म्हणजे नोंदी गहाळ असलेल्या आकडेवारीवर, मी वर्षभर केलेलं काम, रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्राचे विषय, म्हणजे निवड समितीतले प्राध्यापक जे शोधतात, त्याबद्दल एक ओळ नाही.

अमेरिकेत स्टॅटिस्टिक्सच्या पीएचडीला निवडलेल्या विद्यार्थ्याची ट्यूशन फी बहुतेक ठिकाणी माफ होते आणि टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) म्हणून काम केल्याबद्दल स्टायपेंड मिळतो. हे विभागाच्या ऑफर लेटरमध्येच लिहिलेलं असतं. त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजायचे नसतात. तीन दिवसांची घाईही खोटी. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावात सामील असलेली विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. मी ही माहिती आधी शोधली नाही, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्या विद्यापीठांना खरं काय ते कळवून अर्ज मागे घेतले. अर्जातली माहिती खरी असल्याची ग्वाही माझ्या नावावर होती, त्यामुळे गप्प बसणं शक्यच नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. तक्रार दिली आहे.

तुमचे अर्ज दुसऱ्या कुणाच्या हातात असतील तर आजच पासवर्ड मागा आणि बदला. कोणत्या प्रोग्रामसाठी अर्ज गेलाय ते पोर्टलवर स्वतः वाचा. आणि सरांना, मॅडमना एकदा विचारा, लिंक आली का? डिसेंबरच्या डेडलाइनच्या आधी विचारा. मी फेब्रुवारीत विचारलं, तेही चुकून.